वाचकांचे प्रश्न : शांत वारा, हरवलेली नोंद आणि रिकामी यादी

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे सोलापूर जिल्ह्यातली असून चौघांचाही विषय जवळजवळ एकच आहे. सदिश क्षेत्राचा, म्हणजे वारा किंवा प्रवाह बाणांनी दाखवणारा नकाशा संगणकाकडून काढून घेताना काही जागी माहितीच नसेल तर काय करावे, असे चौघांनी विचारले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या तिन्ही उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : मी सोलापुरात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जिल्ह्यातील अकरा तालुक्यांत प्रत्येकी एका ठिकाणच्या वाऱ्याच्या ताशी नोंदी जमवून त्यांचा नकाशा मी पायथन या संगणक-भाषेत, मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या साधनातील बाण काढणाऱ्या ‘क्विव्हर’ने काढते. सेकंदाला ३ मीटरपेक्षा कमी वेगाच्या नोंदी मी आधी गाळते. दिवसा नकाशे व्यवस्थित निघतात. पण हिवाळ्यातल्या पहाटेच्या तासांना प्रोग्रॅम मध्येच थांबतो आणि रिकाम्या अ‍ॅरेतून कमाल किंमत काढता येत नाही, अशा अर्थाची एरर येते. नोंद नसेल तिथे शून्य भरून टाक, असे मला सुचवण्यात आले. तसे केल्यावर एरर गेली, पण मन मानत नाही. शून्य भरणे योग्य आहे का?

उत्तर : आपले मन बरोबर सांगते आहे. शून्य भरू नये. एरर गेली याचा अर्थ चूक गेली असा नाही; ती प्रोग्रॅममधून निघून नकाशात जाऊन बसली, आणि तिथे ती कोणाच्या नजरेस पडणार नाही.

आपल्या नोंदींमध्ये ‘काही नाही’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी आल्या आहेत. एखाद्या ठिकाणी वारा खरोखरच पडलेला असतो, आणि ती शून्य किमतीची एक पूर्ण, विश्वासार्ह नोंद असते. दुसऱ्या ठिकाणी यंत्र बंद असते किंवा वीज गेलेली असते; तिथे वारा असेल किंवा नसेल, आपल्याला ठाऊक नाही. तिसऱ्या ठिकाणी नोंद आहे, वाराही आहे, पण आपणच घातलेल्या ३ मीटरच्या अटीमुळे ती यादीतून बाहेर पडली आहे. सोलापुरात मागावर बसलेल्या माणसाला हा भेद सांगावा लागत नाही. चादरीच्या नक्षीत पांढरा धागा येणे वेगळे, धागा तुटून भोक पडणे वेगळे आणि नक्षीच तिथे संपणे वेगळे. लांबून तिन्ही जागा सारख्याच फिक्या दिसतात, एवढेच.

शून्य भरल्याने नेमके काय बिघडते ते आकड्यांत पाहू. समजा, एखाद्या तासाला सात ठिकाणी वाऱ्याचा वेग सेकंदाला ४ मीटर आहे आणि चार ठिकाणची नोंद आलेली नाही. उपलब्ध नोंदींची सरासरी ४ येते. चार जागी शून्य भरले की ती २८ भागिले ११, म्हणजे सुमारे २.५ होते. प्रकरण सरासरीपुरतेच थांबत नाही. बाणांचे परिमाण (किती वेगाला किती लांबीचा बाण) आपण स्वतः दिले नसेल, तर क्विव्हर ते बाणांची सरासरी लांबी आणि बाणांची संख्या पाहून ठरवते. सरासरी घसरली की परिमाण बदलते आणि ज्या सात ठिकाणांच्या नोंदी अगदी बरोबर होत्या, त्यांचे बाण दीडपटीहून अधिक लांब निघतात. चार ठिकाणी घातलेल्या खोट्या शून्यांमुळे सात ठिकाणचे खरे बाण खोटे बोलू लागतात.

आता एररविषयी. ती बहुधा क्विव्हरने दिलेली नसून, रंगपट्टीची वरची मर्यादा ठरवण्यासाठी आपण वेगाची कमाल किंमत काढता त्या ओळीने दिली आहे. रिकाम्या यादीची बेरीज नमपाय (पायथनमधले आकडेमोडीचे साधन) शून्य देते, कारण कशातही मिळवले तरी फरक न पाडणारी संख्या बेरजेजवळ आहे. कमाल किमतीजवळ तशी संख्या नाही, म्हणून ती क्रिया थांबते. सरासरी मात्र थांबत नाही. ती वॉर्निंग देऊन ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ अशी खूण) परत करते आणि ते नॅन पुढच्या प्रत्येक गणितात झिरपत जाते. माझ्या मते या तिघांत थांबणारी क्रियाच सर्वांत प्रामाणिक आहे. म्हणून ती ओळ अपवाद-हाताळणीत गुंडाळून एरर गिळून टाकण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी यादीचा आकार आधी तपासावा आणि तो शून्य असेल तर काय काढायचे हे स्वतः ठरवावे. आकार तपासताना ‘सगळ्या किमती वैध आहेत का’ असा प्रश्न विचारून भागत नाही, कारण रिकाम्या यादीसाठी त्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच येते. अवैध म्हणावी अशी एकही किंमत तिथे नसते. (नमपायमधल्या ‘एम्प्टी’ या फंक्शनच्या नावानेही फसू नये. ते रिकामा अ‍ॅरे देत नाही. मागितलेल्या आकाराचा, पण स्मृतीत आधीपासून जे पडून असेल ते तसेच ठेवलेला अ‍ॅरे देते.)

यादी रिकामी असेल तर काय काढावे? नकाशा काढावाच. जिल्ह्याची सीमा, तालुक्यांची ठिकाणे, अक्षांच्या ठरलेल्या मर्यादा आणि रंगपट्टी हे सारे नेहमीप्रमाणे यावे, फक्त बाण नसावेत, आणि खाली एक ओळ असावी : ‘११ पैकी ७ ठिकाणी वेग ३ पेक्षा कमी, ४ ठिकाणी नोंद नाही.’ ही ओळ म्हणजे नकाशाचा अर्धा जीव आहे. तिच्याशिवाय कोऱ्या नकाशावरून शांत पहाट आणि बंद पडलेली यंत्रे यांत फरक करता येत नाही. मॅटप्लॉटलिबमधील त्रिमितीय बाणांचे फंक्शनही याच वळणाचे आहे : त्याला रिकामी यादी मिळाली तर ते रिकामाच, पण नेहमीच्याच प्रकारचा संग्रह तयार करून परत देते. आपले फंक्शनही तसेच वागावे. एरवी बाणांचा संच आणि रिकाम्या वेळी काहीच नाही, असे ते देऊ लागले तर त्याला वापरणारी पुढची प्रत्येक ओळ संशयाने लिहावी लागते.

गाळण्याची आपली पद्धतही बदलावी असे सुचवतो. नको असलेल्या ओळी काढून टाकण्याऐवजी त्या जागच्या जागी मास्क कराव्यात, म्हणजे जागा ठेवून किंमत तेवढी झाकावी. क्विव्हर मास्क केलेल्या आणि नॅन असलेल्या जागा स्वतःच वगळते, त्यांना आपोआप ठरणाऱ्या परिमाणातही धरत नाही, आणि पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण यांपैकी एकच घटक गैरहजर असला तरी तो बाण काढत नाही. हे हाताने करू गेल्यास एक फार वाईट चूक घडू शकते. समजा, पहिल्या घटकातील चौथी नोंद गहाळ आहे आणि दुसऱ्यातील नववी. दोन्ही स्तंभांतून नॅन वेगवेगळे काढले तर दोन्हीकडे दहा-दहा किमती उरतात, लांबी जुळते, कोणतीही तक्रार येत नाही आणि चौथ्यापासून आठव्या जागेपर्यंत एका गावाचा एक घटक दुसऱ्या गावाच्या दुसऱ्या घटकाशी जोडला जातो. नकाशा देखणा निघतो, पण त्यातले पाच बाण कुठल्याच गावचे नसतात.

शांत वाऱ्याच्या नोंदी मात्र गाळूच नयेत. क्विव्हरमध्ये बाणाची लांबी ठरावीक किमान मर्यादेखाली गेली की बाणाऐवजी छोटा षट्कोनी ठिपका काढला जातो. म्हणजे ठिपका दिसला तर वारा पडलेला किंवा अगदी मंद आणि काहीच दिसले नाही तर नोंद नाही, हा भेद आपल्याला आयताच मिळतो. हवामानशास्त्राच्या नकाशांत वापरली जाणारी पिसांची खूण ‘बार्ब्स’ने काढली तर शांत वाऱ्यासाठी रिकामे वर्तुळ येते, आणि वाचकाला समजायला ते ठिपक्याहूनही सोपे आहे.

यातही एक खाच आहे. वारा पडलेला असतो तेव्हा त्याला दिशा नसते, म्हणून काही नोंदवह्यांत वेग शून्य आणि दिशेचा रकाना कोरा असतो. आपण घटक काढताना वेगाला दिशेच्या साइन-कोसाइनने गुणता. कोऱ्या दिशेचा साइन नॅन येतो, आणि शून्य गुणिले नॅन हे शून्य नसून नॅनच असते. अशा रीतीने उत्तम नोंदवलेली शांतता आपल्याच गणितात ‘माहिती नाही’ होऊन बसते. वेग शून्य असेल तिथे दोन्ही घटक शून्य, असे गुणाकाराच्या आधीच लिहून ठेवावे. हवामान खात्यांच्या संकेतात शांत वाऱ्याची दिशा ०० लिहितात आणि थेट उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याची ३६० लिहितात, त्यामागे हीच काळजी आहे; ३६० ला शून्य करून ‘नीटनेटके’ करण्याचा उत्साह टाळावा.

सगळे बाण एका लांबीचे करून वेग फक्त रंगाने दाखवायचा असेल, तर प्रत्येक घटकाला वेगाने भागावे लागते आणि शांत ठिकाणी शून्य भागिले शून्य होऊन पुन्हा नॅन उगवते. नमपायच्या भागाकाराला ‘जिथे वेग शून्याहून अधिक आहे तिथेच’ अशी अट घालता येते. पण उत्तर ठेवण्यासाठी अ‍ॅरे दिला नाही तर उरलेल्या जागी काय येईल याची खात्री नसते, आणि तो अ‍ॅरे शून्यांनी भरून दिला तर गहाळ नोंदीही शून्य होतात, कारण नॅन हे शून्याहून अधिक ठरत नाही. मूळ घटकाची प्रतच उत्तराचा अ‍ॅरे म्हणून द्यावी : शांत ठिकाणी तिच्यात शून्य आहेच, गहाळ ठिकाणी नॅन आहेच, आणि दोन्ही जसेच्या तसे राहतात.

प्रश्न : मी पंढरपूरचा भूगोलाचा शिक्षक आहे. नासाच्या ‘मेरा-२’ या पुनर्विश्लेषित (निरीक्षणे आणि संगणकीय प्रारूप यांचा मेळ घालून तयार केलेल्या) माहितीतून १००० हेक्टोपास्कल या दाबाच्या पातळीवरचा वारा काढून विद्यार्थ्यांना दाखवायचा होता. अरबी समुद्रासह नकाशा काढला, पण सह्याद्रीच्या पूर्वेला काही ठिकाणी अवाढव्य बाण आले आणि समुद्रावरचे सगळे बाण ठिपके झाले. फाइल एका ओळखीच्या विद्यार्थ्याने मजकूर-स्वरूपात उतरवून दिली होती.

उत्तर : आपल्याला दिसलेले अवाढव्य बाण म्हणजे वारा नसून जमीन आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने इथे जमिनीलगतचा हवेचा दाबच ९५५ ते ९६० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. १००० हेक्टोपास्कलची पातळी आपल्या पायाखाली, जमिनीच्या पोटात येते. तिथे वारा असू शकत नाही म्हणून मेरा-२ त्या जागी १ वर १५ शून्ये ही किंमत ‘माहिती नाही’ या अर्थाने ठेवते. मूळ फाइलीत त्या किमतीचा अर्थही नोंदवलेला असतो आणि ‘एक्सअ‍ॅरे’सारखी साधने तो वाचून तिथे नॅन घालतात. मजकूर-स्वरूपात उतरवताना तो अर्थ गळाला आणि आकडा तेवढा उरला. समजा, नकाशावर ६३ बिंदू आहेत; त्यांपैकी एकाच जागी असा आकडा राहिला तरी सरासरी १६ लाख कोटींच्या घरात जाते. मग समुद्रावरचा सेकंदाला १० मीटरचा वारा ठिपका झाला यात नवल नाही.

ही किंमत शोधताना ‘बरोबर एवढी’ अशी तुलना करू नये. ३२ बिटांत साठवलेली ही संख्या ६४ बिटांत नेली की ९९९९९९९८६९९११०४ अशी होते आणि तुलना हुकते. वाऱ्याच्या बाबतीत सेकंदाला १००० मीटरच्या वरची कोणतीही किंमत मास्क करा, एवढे पुरते. तरीही वाचकांनी हा नियम सरसकट वापरू नये. भारतीय हवामान विभागाच्या चौकटीबद्ध पर्जन्यमानात गैरहजर जागी उणे ९९९ असते आणि तापमानात ९९.९ असते; दुसरी किंमत तर दिसायला जवळजवळ शक्य कोटीतली आहे. म्हणून फाइल उघडल्यावर पहिले काम म्हणजे तिच्या वर्णनात ‘माहिती नाही’ कसे लिहिले आहे ते वाचणे.

आपल्यापुरता सोपा उपाय म्हणजे ८५० हेक्टोपास्कलची पातळी घ्या. ती साधारण दीड किलोमीटर उंचीवर, सोलापूरच्या बरीच वर असते आणि मोसमी वारा तिथे छान दिसतो. युरोपीय हवामान केंद्राची ‘ईआरए-५’ ही माहिती घेतल्यास १००० हेक्टोपास्कललाही जमिनीवर मोकळी जागा दिसणार नाही, पण ते आकडे गणिताने जमिनीखाली वाढवलेले असतात. विद्यार्थ्यांना दाखवायला मला तरी ते बाण मोकळ्या जागेपेक्षा अधिक धोक्याचे वाटतात.

प्रश्न : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात मेघबीजनाचे प्रयोग केले, तेव्हापासून मला रडारच्या माहितीत रस आहे. डॉप्लर रडारच्या नोंदींवरून वाऱ्याचे चित्र काढताना मोठमोठे भाग रिकामे राहतात. मधले भाग इंटरपोलेशनने, म्हणजे आजूबाजूच्या किमतींवरून अंदाज काढून, भरले तर चालेल का? प्रवाहरेषा काढणारा ‘स्ट्रीमप्लॉट’ वापरला तर रेषा मध्येच तुटतात.

उत्तर : रेषा तुटतात, कारण त्या तुटायलाच हव्यात. डॉप्लर रडारच्या लहरी परत पाठवणारे काहीतरी हवेत असावे लागते, प्रामुख्याने पावसाचे थेंब, आणि जमिनीलगत काही वेळा कीटक. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. इथल्या चित्रात रिकामी जागा जास्त आणि भरलेली कमी असणे स्वाभाविकच आहे. तिथे हवा वाहत असतेच, पण ती रडारला दिसत नाही. शिवाय एकटे रडार वाऱ्याचा फक्त आपल्या दिशेचा किंवा आपल्यापासून दूर जाणारा घटक मोजते. त्यामुळे आपण काढत असलेला पूर्ण बाण हा आधीच काही गृहीतकांवर उभा आहे. त्याच्यावर इंटरपोलेशनचा दुसरा मजला चढवताना जपावे.

‘सायपाय’ या पायथनच्या साधनातील इंटरपोलेशन करणारे ‘ग्रिडडेटा’ सरळ रेषेच्या पद्धतीने वापरल्यास सर्वांत बाहेरच्या बिंदूंनी वेढलेल्या क्षेत्राबाहेर नॅन मिळते, पण त्या वेढ्याच्या आतले भोक कितीही मोठे असले तरी ते मुकाट्याने भरले जाते. ‘सर्वांत जवळचा बिंदू’ ही पद्धत तर बाहेरची जागाही भरते. म्हणून भरल्यानंतर प्रत्येक चौकटीचे जवळच्या खऱ्या नोंदीपासूनचे अंतर काढावे आणि ते आपण आधी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे असेल तर तिथे पुन्हा मास्क घालावा. ती मर्यादा किती असावी हे नोंदी किती दाट आहेत यावर अवलंबून आहे. मात्र ती आकृतीखाली लिहिलीच पाहिजे.

स्ट्रीमप्लॉटसाठी एक वेगळी सूचना. त्याला समान अंतराची, चढत्या क्रमाची चौकट लागते. क्विव्हरला द्यायच्या यादीतून रिकाम्या ओळी काढल्या तर एक वेळ चालून जाते. इथे ओळ काढली की चौकटच मोडते. रिकाम्या जागा मास्क करूनच द्याव्यात. रेषा त्यांच्या काठापर्यंत येऊन थांबतात.

प्रश्न : बार्शीहून लिहीत आहे. चोवीस तासांच्या वाऱ्याचे चलचित्र करतो. रात्री बारापासून सुरू केले तर बाण विचित्र येतात किंवा येतच नाहीत, दुपारपासून सुरू केले तर ठीक येतात. मध्येच एखाद्या तासाला ‘बाणांच्या जागांशी संख्या जुळत नाही’ अशी एरर येते.

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ चलचित्राच्या पहिल्या चौकटीत आहे. क्विव्हरचा संच तयार होतो तेव्हा बाणांच्या जागांची संख्या निश्चित होते. पुढे ‘सेट-यूव्हीसी’ने नव्या किमती देताना तेवढ्याच द्याव्या लागतात. एखाद्या तासाला तीन गावे गाळली की संख्या जुळत नाही. सर्व गावे कायम ठेवून गैरहजर किमती नॅन करा, म्हणजे ही एरर येणार नाही.

आपोआप ठरणारे परिमाणही पहिले चित्र काढताना ठरते आणि पुढे तसेच राहते. मध्यरात्री सगळीकडे वारा पडलेला असेल तर सरासरी शून्य, आणि एकही नोंद नसेल तर ती नॅन. त्या परिमाणावर दुपारचा वारा कसा दिसणार? परिमाण आकड्यात द्या. नेहमीच्या मांडणीत, जिथे एकक अक्षांच्या चौकटीच्या रुंदीचे असते तिथे, परिमाण १०० दिले तर सेकंदाला ५ मीटरचा बाण रुंदीच्या विसाव्या हिश्श्याएवढा येतो. आकडा लहान केला की बाण लांब होतो. रंगाच्या दोन्ही मर्यादा आणि अक्षांच्या मर्यादाही अशाच आधी ठरवून टाका, आणि कोपऱ्यात ५ मीटरचा नमुना-बाण ठेवा.

चोवीस चौकटी जोडण्यापूर्वी चार बनावट तास घालून पाहावेत : एकात सर्व किमती नॅन, दुसऱ्यात सर्व शून्य, तिसऱ्यात एकाच गावाची नोंद, चौथ्यात सर्व गावांचा एक घटक हजर आणि दुसरा गैरहजर. पहिल्या आणि चौथ्या तासाच्या चित्रांत फरक दिसला, किंवा पहिल्या आणि दुसऱ्या तासाची चित्रे सारखी दिसली, तर कोडमध्ये कुठेतरी अजूनही कोणीतरी शून्य भरते आहे.